नोकरी सोडून गेम करतोय, पैसे चार महिन्यांपुरते उरलेत. पुढचं गणित कसं बसवावं?

रातराणी_गेम

नमस्कार मंडळी. इथे गेम बनवणारे आणि बनवून विकलेले दोन्ही आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मी मूळचा गडहिंग्लजचा, सध्या पुण्यात धायरीला भाड्याने राहतो. वय ३१. एका मोबाइल गेम कंपनीत टूडी आर्टिस्ट होतो. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून स्वतःचा गेम पूर्णवेळ हातात घेतला. नाव 'रातराणी'. साल १९९८, स्वारगेट–सावंतवाडी रातराणी एसटी, आणि खेळणारा म्हणजे कंडक्टर. तिकीट मशिन यायच्या आधीचा काळ. प्रवासी चढला की कुठे उतरणार विचारायचं, ट्रेमधून बरोबर किमतीची तिकिटं फाडायची, चिमट्याने पंच करायची, पैसे घ्यायचे. सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायची. गेमचा जीव त्या बाकीत आहे. रात्रभर कुणाचे किती द्यायचे ते डोक्यात ठेवायचं. कुणी झोपेतून दचकून उठतो आणि बाकी न मागताच उतरतो. कुणी दुसऱ्याचं तिकीट पुढे करतो. पहाटे वे-बिल (विकलेल्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद) जुळवून डेपोत भरणा करायचा, कमी पडले तर पदरचे घालायचे.

वडिलांचे एक मित्र आजरा आगारातून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. त्यांनी आपला चिमटा अजून जपून ठेवलाय. गर्दीत माणसं बाजूला व्हावीत म्हणून रिकामा चिमटा कसा वाजवायचा, हे त्यांनी मला करून दाखवलं. गेममधला प्रत्येक 'टक' त्याच चिमट्याचा आहे.

आता पैशांचं. नोकरी सोडताना पीएफ धरून साडेआठ लाख जवळ होते. महिन्याचा खर्च ३८ हजारांच्या आसपास: १५ भाडं, ८ घरी पाठवतो, बाकी किराणा, लॅपटॉपचा हप्ता, वीज, इंटरनेट. अधूनमधून बाहेरचं काम घेत होतो, मुख्यतः पैसे लावून पत्ते खेळायच्या एका अॅपसाठी यूआय (पडद्यावरची बटणं, मेनू) आणि आयकॉन. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा आला आणि त्या कंपनीने ते अॅप बंद केलं. कायद्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या पत्त्यांपायी आमच्या गल्लीतली दोन घरं बुडालेली मी बघितलीत. पण माझं १ लाख १० हजारांचं शेवटचं बिल तिकडेच अडकलं. मेलला उत्तर येत नाही.

हातात १ लाख ६० हजार आहेत. स्वारगेट ते कराड पूर्ण झालंय, कोल्हापूर अर्धं, निपाणी–आजरा–आंबोली अजून कागदावर. इंजिन, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बनवतो ते, गोडो आहे. सुरुवातीचा प्रोटोटाइप युनिटीत होता, पण सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं तेव्हा मी गोडोवर आलो. वर्षभराने त्यांनी ते मागे घेतलं, तरी मी परत गेलो नाही. स्टीमवर, म्हणजे गेम विकायच्या ऑनलाइन दुकानात, पान चढवलंय. विशलिस्ट, म्हणजे पुढे घ्यायचा म्हणून खूण करून ठेवलेले, २,३०० आहेत.

वडील म्हणतात, सोसायटीचं कर्ज काढून देतो. ते साखर कारखान्यातून निवृत्त झालेत, दीड एकर ऊस आहे. त्या जमिनीवर माझ्या गेमचा बोजा चढू नये असं मला मनापासून वाटतं. घरात 'गेमिंग' शब्द काढला की आत्या विचारते, "ते रमीचं का?" तिला दरवेळी नव्याने समजावतो.

तर विचारायचं हे: नोकरी धरू का? आहे तसाच अर्ली अॅक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट असतानाच विकायला, काढू का? की आणखी काही मार्ग आहे? ज्यांनी हे निभावलंय त्यांनी खरे आकडे सांगितले तर फार उपकार होतील.

मंदार_थ्रीडी

कल्पना ऐकूनच विशलिस्ट केला. बाकीचं जाणकार सांगतील, मी नोकरीपुरतं बोलतो.

नोकरी धरणार असाल तर ऑफर लेटरमधलं बौद्धिक संपदेचं कलम नीट वाचा. नोकरीच्या काळात तुम्ही जे काही बनवाल, घरी बसून रात्री बनवलं तरी, ते कंपनीचं, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. सही करायच्या आधीच 'रातराणी' हा माझा आधीपासूनचा प्रकल्प आहे, हे परिशिष्टात लिहून घ्या. एचआर सहसा अडवत नाही, पण आपण विचारलं तरच ते लिहितात. पहिल्या दिवशी कागदांच्या गठ्ठ्यात सही करून मोकळं झालं की मग काही करता येत नाही.

नोकरी नको असेल तर सध्या प्लेएबल जाहिरातींचं काम निघतंय. मोबाइलवर वीस सेकंद खेळायला मिळतं ना, त्या जाहिराती. काम रटाळ आहे पण सुटं आहे, आठवड्याभरात हातावेगळं होतं आणि पैसेही लवकर येतात. तुमचा यूआयचा हात आहे, जमेल.

डोंगरवाट

वयाने मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. नाशकात आम्ही दोघं मिळून गेम करतो. दोन गेम स्टीमवर आलेत. दुसऱ्यावर आमचं वर्षभर भागलं, पहिल्यावर भागलं नव्हतं. खरे आकडे मागितलेस म्हणून आधी आकड्यांचंच बोलतो.

समज गेमची किंमत ९.९९ डॉलर ठेवलीस आणि वर्षभरात हजार प्रती गेल्या. लोक लगेच दहा हजार डॉलर म्हणतात. तसं होत नाही. भारत, ब्राझील, तुर्की, चीन, सगळीकडे किंमत वेगळी, बहुतेक ठिकाणी कमी. त्यात निम्म्याहून जास्त प्रती सेलमध्ये जातात. प्रतीमागे सरासरी ६ डॉलर पडले असं धर, म्हणजे ६ हजार. दोन तासांच्या आत खेळून चौदा दिवसांत परत करायची मुभा गिऱ्हाइकाला आहे, त्यात काही प्रती जातात. युरोपातला व्हॅट किमतीतूनच जातो. उरले ५ हजार. त्यातले ३० टक्के स्टीमचे. उरले साडेतीन. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो. हातात ३,३०० डॉलर आले असं समज. डॉलर ८५ रुपये धरू, कमीच धरलेला बरा. झाले २ लाख ८० हजार.

आता तुझी बाजू. महिना ३८ हजार, दोन वर्षं. ९ लाख १२ हजार. हा तुझा स्वतःचा पगार आहे, जो तू गेमला उसना दिलास. तेवढे वसूल व्हायलाच सव्वातीन हजारांहून जास्त प्रती लागतात. त्यात आवाज, संगीत, भाषांतर, ट्रेलर यातलं काहीच धरलेलं नाही. नवा माणूस इंजिनचा खर्च, स्टीमचे १०० डॉलर, मायक्रोफोन हे सगळं वहीत मांडतो आणि स्वतःचे महिने मांडायचे राहतात. ते १०० डॉलर विक्री हजार डॉलरच्या पुढे गेली की परत मिळतात, महिने मिळत नाहीत.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे: गेम लहान कर. किंमत, जाहिरात, पब्लिशर (पैसे लावून गेम बाजारात आणणारी कंपनी), सेल यांचा विचार नंतर. किती प्रती खपतील यावर तुझा काहीही ताबा नाही. २०२४ मध्ये एकट्या स्टीमवर १८ हजारांहून जास्त नवे गेम आले, दिवसाला पन्नासच्या घरात. २,३०० विशलिस्ट ही पहिल्या गेमसाठी वाईट सुरुवात नाही, पण ती गिऱ्हाइकं नव्हेत. बरेच जण पन्नास टक्के सूट लागेपर्यंत थांबतात, काहींना आपण बटण दाबलं होतं हेही आठवत नाही. गेम किती महिन्यांत संपतो एवढंच तुझ्या हातात आहे, आणि प्रत्येक वाचवलेला महिना म्हणजे तुला न विकाव्या लागणाऱ्या जवळपास १३५ प्रती.

बस कोल्हापूरला थांबव. सावंतवाडीपर्यंत नेऊ नकोस. स्वारगेट, सातारा, कराड झालंय, कोल्हापूर अर्धं झालंय. ते पुरं कर, भरणा कोल्हापूर आगारात करून घे आणि गेम संपव. तुझ्या गेममध्ये बोलणं खूप असणार. एकेक प्रवासी वाढवलास की त्याचे संवाद लिहिणं, तपासणं आलं, आणि पुढे भाषांतराला शब्दामागे पैसे मोजणं आलं. निपाणीपासून सावंतवाडीपर्यंतचे प्रवासी म्हणजे आणखी किमान आठ-नऊ महिने.

अर्ली अॅक्सेस तुझ्या गेमला लागू नाही. गोष्ट सांगणारा गेम अर्धवट घेऊन कुणी वर्षभर थांबत नाही. पहिल्या आठवड्यात जी गर्दी होते ती एकदाच होते. स्टीम नेक्स्ट फेस्ट, म्हणजे येऊ घातलेल्या गेमचे डेमो खेळायला देणारा महोत्सव, त्यातही एका गेमला एकदाच भाग घेता येतो. वर्षातून तीनदा असतो, फेब्रुवारी, जून, ऑक्टोबर. डेमो चांगला झाल्याशिवाय ती संधी वापरू नकोस. पैसे संपत आले की माणूस नेमकी तीच संधी घाईने खर्च करतो.

यशाच्या गोष्टी वाचताना त्यात घरखर्च कुणी चालवला हे शोध. 'स्टारड्यू व्हॅली' एरिक बॅरोनने एकट्याने चार वर्षांहून जास्त खपून केला, हे सगळे सांगतात. त्या काळात तो थिएटरात अर्धवेळ अशरचं, म्हणजे प्रेक्षकांना जागा दाखवायचं, काम करत होता आणि त्याची जोडीदार कमावत होती, हे कमी लोक सांगतात. आपल्या पुण्यातल्याच टीमचा 'राजी' हा गेम बघ. २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर त्यांना उद्दिष्ट गाठता आलं नाही. त्यांच्यापैकी एकाने फ्लॅट विकून काम चालू ठेवलं, मग पब्लिशर मिळाला आणि २०२० मध्ये गेम आला. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या इंडी (छोट्या, स्वतंत्र टीमच्या) गेमसाठी नामांकन मिळालं. त्या टीमबद्दल मला अतोनात आदर आहे. पण विकायला फ्लॅट असणं ही त्या गोष्टीतली महत्त्वाची बाब आहे, आणि तुझ्याकडे दीड एकर ऊस आहे जो तुला विकायचा नाही. बरोबरच आहे ते.

अनुदानाचं. क्राफ्टन या गेम कंपनीचा भारतातला इनक्युबेटर (नव्या टीमना हात देणारा कार्यक्रम) आहे, निवडलेल्या टीमला ५० हजार ते दीड लाख डॉलरपर्यंत देतात. तसाच सोनीचा इंडिया हिरो प्रोजेक्ट आहे. दोन्हीकडे अर्ज जरूर कर, पण निवड व्हायला महिने जातात आणि अर्ज शेकड्यांनी येतात. राज्य सरकारचं अॅनिमेशन-गेमिंग धोरणही २०२५ मध्ये मंजूर झालंय. चांगली गोष्ट आहे, पण पुढच्या चार महिन्यांचं धायरीचं भाडं त्यातून निघणार नाही. नोव्हेंबरात आयजीडीसी ही गेम बनवणाऱ्यांची परिषद असते, जमलं तर डेमो घेऊन जा. पब्लिशरची माणसं तिथे प्रत्यक्ष भेटतात.

वडिलांचं कर्ज घेऊ नकोस. हे मी विचार करून लिहितोय.

रातराणी_गेम

डोंगरवाट दादा, हा हिशेब मी कागदावर उतरवून भिंतीवर लावलाय. सव्वातीन हजारांचा आकडा बघून पोटात गोळा आला, पण निदान आकडा तरी कळला.

एक अडचण आहे. गेम सुचला तोच आंबोलीमुळे. पहाटे चारला घाटात धुकं, ड्रायव्हरने वायपर चालू ठेवलेत, आत सगळे झोपलेत आणि कंडक्टर एकटा टॉर्चच्या उजेडात वे-बिल भरतोय. लहानपणी आम्ही मामाकडे सावंतवाडीला जायचो तेव्हाचं ते चित्र आहे. कोल्हापूरला बस थांबवली तर ते सगळं जातं. मग उरतं ते तिकिटांचं कोडं. कोडं बरं आहे, पण त्यासाठी मी नोकरी सोडली नव्हती.

डोंगरवाट

समजलं. मग उलट कर. स्वारगेट काप.

बस कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडवरून रात्री सुटते. निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी. सातारा-कराडच्या स्टँडची चित्रं झालीयत ती फेकायची नाहीत. स्टँड बहुतेक सारखेच बांधलेले असतात, पाट्या बदल, फलाट क्रमांक बदल, उपाहारगृह हलव, त्याच चित्रांतून निपाणी आणि आजरा उभे राहतील. प्रवासीही निम्मे तसेच चालतील. स्वारगेटहून कराडला निघालेली बाई कोल्हापूरहून आजऱ्याला निघाली तर तिची गोष्ट बदलत नाही, बोली तेवढी बदलावी लागेल, आणि ती तर तुझी घरचीच आहे. प्रवास लहान झाला की बाकी लक्षात ठेवण्याचं ओझंही आटोपशीर होतं. आत्ता आठ स्टँडच्या रात्रीत खेळणारा तिसऱ्यालाच थकेल अशी मला भीती होती.

किंमत मग ९.९९ ऐवजी ६.९९ ठेव. त्याचा हिशेब वेगळा येईल, पण महिने वाचतील ते जास्त मोलाचे.

नंदिनी_सीए

मी पुण्यात प्रॅक्टिस करते, दोन-तीन गेमवाले माझे क्लायंट आहेत. अडकलेल्या बिलाबद्दल आधी सांगते.

तुमची उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी आहे का? काम देण्याच्या आधी नोंदणी झालेली असेल तर सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर चक्रवाढ व्याज लागतं. थकलेल्या बिलांसाठी सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते, ती सुविधा परिषदेकडे जाते. नोंदणी नसेल तर या बिलाला तो कायदा लागेलच असं नाही, पण पुढच्यासाठी आजच करा. फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. एजंटला पैसे देऊ नका. जुन्या बिलासाठी वकिलामार्फत नोटीस पाठवा आणि ती कंपनी दिवाळखोरीत गेली आहे का हे तपासा. गेली असेल तर दावा दाखल करायला मुदत असते, ती चुकवू नका.

स्टीमचं. करविषयक ऑनलाइन प्रश्नावली भरताना डब्ल्यू-८बेन या अमेरिकी कराच्या फॉर्ममध्ये पॅन द्या आणि भारत-अमेरिका कराराचा लाभ मागा. तो न मागितल्यास अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कापतात, मागितल्यावर रॉयल्टीवर १५. जे कापलं जाईल त्याचं क्रेडिट इथल्या विवरणपत्रात मिळतं, पण त्यासाठीचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. तो विसरल्यामुळे हक्काचे पैसे सोडून दिलेली माणसं मी बघितली आहेत. महिन्याच्या विक्रीचे पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीस येतात, १०० डॉलरच्या आत असतील तर पुढे ढकलले जातात. म्हणजे गेम महिन्याच्या सुरुवातीला काढलात तर पहिला पैसा हातात यायला जवळजवळ दोन महिने लागतील. चार महिन्यांच्या शिलकीत हे दोन महिने आधीच धरा.

आणखी एक. गेमचे पैसे एकदम येतात, पगारासारखे दर महिन्याला येत नाहीत. त्यामुळे आगाऊ कराच्या तारखा, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च, भिंतीवरच्या त्याच कागदावर लिहून ठेवा. ज्या तिमाहीत पैसे आले त्या तिमाहीत करापुरती रक्कम बाजूला काढायची. गेलेली तिमाही चांगली होती म्हणून नवा लॅपटॉप आणि मार्चमध्ये कर भरायला उसनवारी, हे माझ्या टेबलावर दरवर्षी येतं.

जीएसटी नोंदणी झाली तर एलयूटी (हमीपत्र) भरा, म्हणजे निर्यातीवर कर भरावा लागत नाही. बँकेकडून परकीय चलन आल्याचे कागद वेळच्या वेळी मागून घ्या. आणि विमा? तुमच्या खर्चाच्या यादीत तो दिसला नाही. कंपनीची ग्रुप पॉलिसी गेली असेल तर स्वतःची घ्या. एका डेंग्यूच्या ॲडमिशनमध्ये तुमची सगळी शिल्लक जाईल.

रातराणी_गेम

नंदिनीताई, खूप आभार. उद्यम नोंदणी नव्हती, काल रात्रीच केली. विमाही नव्हता, आज कोटेशन काढतोय.

आणखी एक गोष्ट लिहिली नव्हती, कारण काय करावं कळत नव्हतं. युरोपातल्या एका छोट्या पब्लिशरने मेल केलाय. २५ हजार डॉलर आगाऊ, पाच टप्प्यांत. त्यांचे पैसे वसूल झाल्यावर उत्पन्न निम्मं-निम्मं. पुढच्या भागाचा हक्क त्यांना हवा. माझ्यासाठी २५ हजार डॉलर म्हणजे साडेचार वर्षांचा खर्च आहे. रात्री झोप लागली नाही.

डोंगरवाट

लगेच सही करू नकोस, नकारही देऊ नकोस. आमच्या पहिल्या गेमला असाच पब्लिशर होता, नाव लिहीत नाही. करारात 'टप्पा मान्य झाल्यावर पैसे' असं होतं, पण किती दिवसांत मान्य करायचा हे नव्हतं. आम्ही बिल्ड (गेमची तोवर झालेली आवृत्ती) पाठवायचो, ते तपासत राहायचे. एका टप्प्याचे पैसे उन्हाळ्यात यायचे ते दिवाळीनंतर आले. तोपर्यंत बायकोच्या पगारावर घर आणि भावाच्या पैशांवर गेम चालला. करार मोडायचा तर आधी घेतलेले पैसे परत द्यायचे होते, ते कुठून देणार?

म्हणून हे लिहून घे. बिल्ड पाठवल्यापासून १५ दिवसांत आक्षेप आला नाही तर टप्पा मान्य समजायचा. वसुलीत काय काय धरणार ते नावानिशी लिहायचं. फक्त तुला दिलेली रक्कम, की त्यांनी केलेली जाहिरात, प्रदर्शनातला स्टॉल, विमानाची तिकिटं सगळं? तेही धरणार असतील तर त्याला कमाल मर्यादा हवी. ती नसली तर वसुली कधी संपतच नाही आणि तुझा निम्मा वाटा कागदावरच राहतो. वसुली चालू असतानाही तुला काही टक्के मिळत राहतील असं माग, अगदी वीस का होईना. त्यांनी करार सोडला किंवा कंपनी बंद पडली तर गेमचे सगळे हक्क तुझ्याकडे परत, आणि स्टीमचं पान तुझ्याच खात्यावर. वर्षातून एकदा हिशेब तपासायचा अधिकार.

पुढच्या भागाचा हक्क देऊ नकोस. फार तर 'पहिली विचारणा तुम्हाला' एवढंच. रातराणीचा दुसरा भाग तू करशील किंवा करणार नाहीस, पण ते कंडक्टरकाकांचे किस्से आणि तुझी आंबोली त्यांच्या कपाटात पडून राहता कामा नये.

आणि साडेचार वर्षांचा खर्च नाही तो. त्यातून संगीत, आवाज, भाषांतर, चाचणी सगळं भागवायचंय. दीड वर्षाचे पैसे आहेत असं समज. हजारो रुपये गेले तरी चालतील, करार वकिलाला दाखव. बौद्धिक संपदेचं काम करणाऱ्याला, घराच्या कागदपत्रांवाल्याला नको.

मेधा_नागपूर

मी गेम करत नाही, माझा नवरा करतो. मी शाळेत शिकवते आणि घर माझ्या पगारावर चालतं. या धाग्यावर घर चालवणाऱ्या बाजूचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. तुमच्या घरी ही बाजू तुमचे वडील आहेत.

आम्ही एक ठरवलंय. दरवर्षी गुढीपाडव्याला दोघं बसून एक रक्कम आणि एक तारीख लिहितो. त्या तारखेपर्यंत घराने गेमला किती द्यायचे आणि त्यानंतर तो किती महिने बाहेरचं काम करेल, हे त्यात असतं. मधल्या काळात मी "कधी संपणार" असं विचारत नाही. विचारलं नाही तरी तो सांगतोच. आधी ठरलेलं नव्हतं तेव्हा महिनाअखेरीला दूधवाल्याचं बिल आलं की आमचं भांडण व्हायचं, आणि ते दुधावरून कधीच नसायचं.

वडील कर्ज काढून देतो म्हणाले, कारण मुलाला मदत करायचा तेवढाच मार्ग त्यांना माहीत आहे. त्यांना दुसरा द्या. घरी पाठवता ते ८ हजार वर्षभर ४ करू का, असं सरळ विचारा. दीड एकरावर बोजा चढण्यापेक्षा त्यांना ते हजार पटीने सोपं जाईल, आणि आपण मुलाच्या कामात आहोत असंही वाटेल. त्यांच्या मित्राचा चिमटा तर आधीच गेममध्ये आहे.

रातराणी_गेम

मेधाताई, रविवारी गावी जाऊन आलो. वडिलांना गेम पहिल्यांदा हातात दिला. सातारा स्टँडवर ते एका म्हातारीची दोन रुपये बाकी द्यायला विसरले आणि मग पुढचा अर्धा तास ती कुठे उतरली हे मला विचारत राहिले. आठाचे चार झाले. कर्जाचा विषय संपला.

सध्या ठरवलंय ते असं: प्लेएबल जाहिरातींचं काम मंदारभाऊंनी मिळवून दिलंय, आठवड्यातले तीन दिवस ते. उरलेले दिवस रातराणी. बस कोल्हापूरहून सुटणार. पब्लिशरला कलमांची यादी पाठवली. वसुलीच्या मर्यादेला ते हो म्हणाले, पुढच्या भागावर अजून अडून बसलेत. ते हटले नाहीत तर मी नाही म्हणणार आहे. जूनच्या नेक्स्ट फेस्टमध्ये उतरत नाही, ऑक्टोबरचं बघतो.

डोंगरवाट

ऑक्टोबर बरोबर. निपाणीपर्यंतची बिल्ड झाली की मला पाठव. माझ्याकडे चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, त्यावर चालवून बघतो. धुक्याचा शेडर (धुकं पडद्यावर रंगवणारा कोड) जड झाला असेल तर तिथे लगेच कळेल.